खिडकीचा स्थपती : ल कॉर्ब्यूझ्ये

चंडीगडचे नाव निघाले की ल कॉर्ब्यूझ्ये यांचे नाव ओघानेच येते. आपण मंडळी बदलीच्या वा व्यवसायाच्या निमित्ताने येथे आलो, त्यांनी आखलेल्या रस्त्यांवरून मुलांना शाळेत पोहोचविले. तरी नगररचनाकार यापलीकडे त्यांची ओळख आपल्यापैकी थोड्यांनाच असते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्रातील एकच धागा हाती घ्यावयाचा आहे, तो म्हणजे खिडकीचा. घरातून बाहेरचे काय दिसावे, किती दिसावे आणि त्यासाठी घरातल्या माणसाने काय सोसावे, या प्रश्नाने त्यांचा आयुष्यभर पिच्छा पुरविला.

त्यांचे मूळ नाव शार्ल-एद्वार झानरे. जन्म ६ ऑक्टोबर १८८७, स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या घड्याळांच्या गावी. वडील घड्याळांवर मिनाकाम करीत, आई पियानो शिकवी. मुलानेही प्रथम घड्याळांच्या डब्यांवर नक्षी कोरण्याचेच शिक्षण घेतले. कलाशाळेतील एका जाणत्या शिक्षकाने त्याला वास्तुकलेकडे वळविले. १९०७ साली इटलीच्या प्रवासात फ्लॉरेन्सनजीक त्यांनी एक मठ पाहिला. प्रत्येक साधूला स्वतंत्र निवास, त्याला लागून भिंतीने बंदिस्त केलेली छोटी बाग, आणि तेथून दिसणारे खालचे खोरे! एकांत आणि विस्तार एकाच ठिकाणी नांदू शकतात, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची ठसली.

१९१२ साली त्यांनी आईवडिलांसाठी गावातच एक घर बांधले. घर देखणे होते, पण खर्च ऐपतीबाहेर गेला आणि १९१९ साली ते तोटा सोसून विकावे लागले. मुलगा त्यापूर्वीच, १९१७ साली, पॅरिसला स्थायिक झाला होता. पुढच्याच वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. खिडक्यांचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या या माणसाने पुढील सारे जग एकाच डोळ्याने पाहिले, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. ल कॉर्ब्यूझ्ये हे नाव त्यांनी १९२० साली धारण केले.

आईवडिलांचे देणे मात्र मनात राहिले असावे. जिनीव्हा सरोवराच्या काठी, व्हवे गावाजवळ, १९२३-२४ साली त्यांनी त्यांच्यासाठी दुसरे घर बांधले. या वेळी आराखडा आधी तयार झाला आणि तो खिशात घालून जागेचा शोध घेतला गेला. घर केवढे? सोळा मीटर लांब, चार मीटर रुंद. आपल्याकडील चाळीतल्या दोन-तीन खोल्या एका रांगेत मांडाव्यात तेवढे. परंतु सरोवराकडील भिंतीत सलग अकरा मीटरांची एकच आडवी खिडकी. बैठक, शयनगृह, स्नानगृह, सर्वांना तीच एक खिडकी, आणि पलीकडे पाणी व आल्प्सची शिखरे.

एवढी मोठी खिडकी दिल्यावर बागेतूनही सरोवर मोकळे ठेवावे, असे आपल्याला वाटेल. त्यांनी तेथे भिंत घातली! सर्व बाजूंनी अहोरात्र दिसणारे दृश्य माणसाला शिणविते आणि मग ते दिसेनासे होते, असे त्यांचे मत होते. त्या भिंतीत एकच चौकोनी झरोका ठेवला, त्याच्यापाशी टेबल मांडले. झाडाखाली बसून त्या चौकोनातून पाहिले म्हणजे सरोवर हे चित्र होते. इतकेच नव्हे, तर घरातल्या कुत्र्यालाही रस्त्यावरून येणारेजाणारे दिसावेत म्हणून कुंपणाच्या भिंतीत त्याच्या उंचीची जाळी ठेवून दिली. वडिलांना हे सुख फार लाभले नाही, ते १९२६ साली वारले. मातोश्री मात्र १९६० पर्यंत, म्हणजे पस्तीसहून अधिक वर्षे, त्याच खिडकीपाशी राहिल्या. सरोवराच्या पाण्याच्या चढउताराने भिंतीला तडे गेले, वरून पत्रा ठोकावा लागला. पण घर विकावे लागले नाही.

आडव्या खिडकीवरून त्यांचा आपले एके काळचे गुरू ओग्युस्त पेरे यांच्याशी जाहीर वाद झाला. पेरे यांचे म्हणणे असे की, खिडकी ही उभ्या माणसासारखी उभीच हवी. तीतून अंगण, रस्ता आणि आभाळ ही तिन्ही दिसतात. शिष्याने छायाचित्रकारांच्या तक्त्यांच्या आधारे उत्तर दिले, की आडव्या खिडकीने खोलीत उजेड अधिक पसरतो. मला स्वतःला या वादात पेरे यांची बाजू सहजी टाकून देण्यासारखी वाटत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतील उभ्या, गजांच्या खिडकीत बसून ज्याने पाऊस पाहिला आहे, त्याला ती पटावी. उजेडाचा हिशेब मात्र शिष्याचा खरा होता.

काचेच्या मोहाची किंमतही त्यांना, किंबहुना त्यांच्या घरांत राहणाऱ्यांना, मोजावी लागली. पॅरिसमध्ये निराश्रितांसाठी बांधलेल्या आणि १९३३ साली उघडलेल्या इमारतीची दक्षिणेकडील संपूर्ण भिंत बंद काचेची होती. थंड हवा खेळविण्याची योजना पैशांअभावी पुरी झाली नाही आणि उन्हाळ्यात आतील माणसे गुदमरू लागली. अखेर उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या. पुढे महायुद्धानंतर त्याच दर्शनी भागावर उन्हाला अडविणारे आडोसेही आले. प्वासी येथील सुप्रसिद्ध व्हिला साव्हॉयही पावसात गळे आणि मालकीणबाई तक्रारी करून थकल्या. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशा गोष्टी गाळण्याची प्रथा आहे. परंतु त्या गाळल्या तर चंडीगड समजणार नाही.

कारण फेब्रुवारी १९५१ मध्ये ते येथे प्रथम आले, तेव्हा पंजाबच्या उन्हाशी काचेने सामना करता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. उच्च न्यायालय (१९५५) आणि २५४ मीटर लांबीचे सचिवालय (१९५८) यांच्या दर्शनी भागावरील काँक्रीटच्या खोल चौकटी म्हणजे सूर्याला बाहेरच थांबविणारे छज्जे होत. उजेड, हवा आणि दृश्य ही खिडकीची तीन कामेही त्यांनी वेगळी केली : उजेडासाठी पक्की बसविलेली काच, हवेसाठी डासांची जाळी लावलेली उभी अरुंद झडप. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी त्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांच्या हाताखाली होते. अहमदाबादमधील त्यांच्या कामांवर पुढे दोशींनीच देखरेख केली.

आपण राहतो ती सरकारी निवासस्थाने बहुतांशी त्यांचे चुलतबंधू प्येर झानरे, तसेच मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांची आहेत. विटांची जाळी आणि बेताच्या खिडक्या ही त्यांची खूण. अशा एका घरात मी काही वर्षे काढली. खोली अंधारी असल्याची कुरकुर घरात हिवाळाभर चाले आणि मे महिन्यात आपोआप थांबे. हल्ली व्हरांड्यांना सरकत्या काचा लावून खोल्या वाढविण्याची चढाओढ दिसते. मग त्या काचांवर जाड पडदे येतात आणि पडद्यांमागे वातानुकूलन यंत्र. निराश्रितांची ती इमारत मला अशा वेळी हटकून आठवते.

व्हवेजवळच्या बागेतील भिंतही येथे आहे, फक्त ती मातीची आहे. उत्तरेकडील शासकीय इमारती आणि शहर यांच्यामध्ये त्यांनी पायाखोदाईच्या मातीचे उंचवटे रचविले. तेथे उभे राहिले की शहर झाकले जाते आणि नजर शिवालिककडे जाते. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या सात देशांतील १७ वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत हा परिसर आहे आणि आईचे ते छोटे घरही आहे.

स्वतःसाठी त्यांनी भूमध्य समुद्राकाठी, फ्रान्समधील रोकब्र्यून येथे १९५२ साली एक लाकडी खोपटे उभारले : बारा फूट लांब, बारा फूट रुंद. समोर अथांग समुद्र असूनही खिडक्या लहान, चौकोनी. त्यांच्या दुमडत्या झडपांना आतून आरसे लावले होते. झडप योग्य कोनात उघडली की समुद्राचा एक तुकडा खोलीत येई. २७ ऑगस्ट १९६५ रोजी त्याच समुद्रात पोहत असताना, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांना मृत्यू आला. पत्नी १९५७ साली गेली, तेव्हा तेथील टेकडीवरच्या दफनभूमीत दोघांसाठी समाधी त्यांनीच आखून ठेवली होती. त्या जागेवरून समुद्र दिसतो.