पोहता येत नव्हतं, तरी आईनस्टाईन आयुष्यभर शिडाची होडी घेऊन पाण्यात उतरत राहिले

आईनस्टाईन म्हटलं की काय आठवतं? विस्कटलेले केस, जीभ बाहेर काढलेला फोटो आणि शाळेत पाठ केलेलं ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर.

पण या माणसाला आणखी एक वेड होतं. शिडाच्या होडीचं. आणि गंमत म्हणजे त्यांना पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट घालायलाही ते तयार नसायचे.

हे वेड लागलं ते विद्यार्थीदशेत. 1879 साली जर्मनीतल्या उल्ममध्ये जन्मलेले आईनस्टाईन 1896 मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकायला आले. हे शहर एका मोठ्या तळ्याच्या काठावर वसलंय. त्याच तळ्यात ते होडी चालवायला शिकले. सोबत एक वही असायची. वारा पडला, शीड लोंबायला लागलं की वही बाहेर निघायची आणि आकडेमोड सुरू व्हायची. वारा सुटला की वही बंद.

आता वाटेल, वारा ढकलतो आणि होडी पळते, त्यात शिकायचं काय?

तर तळ्यातला वारा लहरी असतो. काठावरची झाडं, टेकड्या त्याला अडवतात, वळवतात आणि मग अचानक एखादा झोत येतो. छोट्या होडीत एक हात सुकाणूवर, दुसरा शिडाच्या दोरीवर ठेवावा लागतो. झोत आला की होडी एका बाजूला कलते. तेव्हा दोरी सैल सोडायची आणि वारा येतोय त्या बाजूला आपलं वजन टाकायचं. यात उशीर झाला तर होडी उलटते.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं जायचं असेल तर सरळ जाताच येत नाही. साधारण 45 अंशांचा कोन धरून आधी डावीकडे, मग उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं. आईनस्टाईन यांना नेमकं हेच आवडायचं. शर्यतीत त्यांना रस नव्हता. होडीला मोटर लावणंही त्यांना पटायचं नाही.

1928 मध्ये ते हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. पुढच्या वर्षी पन्नाशी झाली आणि मित्रांनी त्यांना भेट दिली ती होडीच. सात मीटर लांब, वीस चौरस मीटर शीड. नाव ट्युम्लर.

त्याच वर्षी पॉट्सडॅमजवळच्या कापुथ गावात त्यांनी तळ्याजवळ लाकडी घर बांधलं. 1930 च्या जुलैमध्ये रवींद्रनाथ टागोर त्यांना भेटायला आले ते याच घरी.

हे सुख जेमतेम तीन वर्षं टिकलं. डिसेंबर 1932 मध्ये आईनस्टाईन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू असलेले आईनस्टाईन पुन्हा कधीच जर्मनीत परतले नाहीत. 1933 मध्ये नाझींनी ट्युम्लर जप्त केली आणि पुढच्या वर्षी विकून टाकली. युद्ध संपल्यावर आईनस्टाईन यांनी तिचा शोध घ्यायचा प्रयत्न केला, पण ती सापडली नाही.

अमेरिकेत प्रिन्स्टनला स्थायिक झाल्यावर त्यांनी दुसरी छोटी होडी घेतली. नाव ठेवलं टिनेफ. यिडिश भाषेत याचा अर्थ होतो भंगार.

या भंगारानं त्यांना बरंच फिरवलं. 1935 मध्ये कनेक्टिकटमध्ये त्यांची होडी वाळूत रुतली आणि पेपरात बातमी आली. 1939 च्या उन्हाळ्यात ते लाँग आयलंडवर होडी घेऊन सुट्टी घालवत होते. तिथेच लिओ झिलार्ड त्यांना गाठायला आले आणि अणुबॉम्बबद्दल सावध करणारं अध्यक्ष रुझवेल्ट यांना पाठवायचं पत्र तयार झालं. त्यावर तारीख होती 2 ऑगस्ट 1939.

1941 मध्ये सारानॅक लेकला तर होडी उलटलीच. पोहता न येणारे, साठी ओलांडलेले आईनस्टाईन पाण्यात पडले. तिथल्या एका लहान मुलानं त्यांना वाचवलं.

18 एप्रिल 1955 रोजी प्रिन्स्टनमध्ये त्यांचं निधन झालं. कापुथचं ते लाकडी घर आजही उभं आहे आणि लोक ते बघायला जातात. घराखालच्या तळ्यात आजही शिडाच्या होड्या फिरतात. ट्युम्लर तेवढी त्यात नाही.