देवळालीचे कापरेकर मास्तर

(इयत्ता सातवी)

बालमित्रांनो, तुम्हांला कोडी आवडतात ना? मला तर फार आवडतात. थंडीच्या दिवसांत शेकोटीभोवती सगळे बसले की आमचे आजोबा कोडं घालतात. वाघ, शेळी आणि गवताचा भारा नावेतून नदीपलीकडे न्यायचा. नावाड्याबरोबर एका वेळी एकच मावतं. नावाडी जवळ नसला की वाघ शेळीला खाणार आणि शेळी गवत खाणार. मग न्यायचं कसं? मी तीन दिवस आजोबांच्या मागे लागलो होतो, पण त्यांनी उत्तर काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी अंगणात तीन खडे मांडून बसलो आणि माझं मला सुटलं. त्या दिवशी मी जेवायचंसुद्धा विसरलो होतो.

आज मी ज्यांचं चरित्र सांगणार आहे, त्यांनी जन्मभर अशीच कोडी शोधली आणि लोकांना वाटली. फक्त त्यांची कोडी आकड्यांची होती. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ते कुठल्या मोठ्या कॉलेजात प्राध्यापक नव्हते. आपल्या गुरुजींसारखेच ते शाळामास्तर होते. तरीही आज जगभरचे गणितज्ञ त्यांचं नाव घेतात.

मला त्यांची ओळख कशी झाली ते आधी सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे.

एका शनिवारी सकाळच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर एक कोडं घातलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची. चारही अंक सारखे नकोत, म्हणजे ११११ किंवा ७७७७ चालणार नाही. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, की मोठ्यात मोठी संख्या होते. तेच अंक चढत्या क्रमाने लिहायचे, की लहानात लहान संख्या होते. मोठीतून लहान वजा करायची. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच करायचं. असं करत राहायचं.

गुरुजींनी ३५२४ ही संख्या घेतली आणि फळ्यावर मांडली.

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

मग ६१७४ चं तसंच केलं. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा तेच आलं! गाडी तिथंच थांबली. मग आम्ही सगळ्यांनी आपापल्या मनातली संख्या घेतली. कुणाचं तीन वजाबाक्यांत आलं, कुणाचं पाचांत. पण सगळ्यांचं शेवटी ६१७४ च आलं.

माझं मात्र आलं नाही. मी २१११ घेतले होते. २१११ − १११२ = ९९९. आता ९९९ उलटे केले काय नि सुलटे केले काय, ९९९ च. ९९९ − ९९९ = ०. मी उभा राहून मोठ्यानं सांगितलं की हे कोडं चुकलंय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आपण फार मोठा शोध लावला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली की याचं शून्य कुठं गेलं. ती कधी वर्गात बोलत नाही. मी म्हटलं, डावीकडच्या शून्याला काय किंमत असते? आणि मी हसलो. मी हसलो म्हणून सगळा वर्ग हसला. ती खाली मान घालून बसली.

गुरुजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. सोमवारपर्यंत विचार करून या, एवढंच म्हणाले. मग त्यांनी हे कोडं ज्यांनी शोधलं त्या कापरेकर मास्तरांची गोष्ट सांगितली. ती अशी.

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी समुद्रकाठच्या डहाणू गावी झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडिलांनी त्यांना वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे पुष्कळ आकडेमोड करावी लागते. वडिलांची आकडेमोड बघून मुलालाही आकड्यांची गोडी लागली. पुढे ते ठाण्याच्या शाळेत शिकले. शाळेत असल्यापासूनच त्यांना कोडी सोडवण्याचं वेड होतं. एखादं कोडं डोक्यात शिरलं की ते सुटेपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

नंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथं १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. स्वतः काही नवीन शोधून काढणाऱ्या विद्यार्थ्याला ते देत असत. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले. त्यापुढचं शिक्षण काही त्यांनी घेतलं नाही. १९३० साली ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवत राहिले. म्हणजे बत्तीस वर्षं!

दिवसभर शाळा आणि उरलेल्या वेळात आकडे, असं त्यांचं चाले. त्यांच्याजवळ मोठी यंत्रं नव्हती. त्यांचं काम म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आपण शाळेत करतो तेच. पण आपण उत्तर आलं की वही मिटतो. ते उत्तराकडे बघत बसत आणि आता याचं पुढं काय होईल, असं स्वतःलाच विचारत. त्यातूनच त्यांना एकेक गंमत सापडत गेली.

त्यातल्या दोन-तीन गंमती सांगतो.

४५ चा वर्ग करा. २०२५ येतो. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज करा. पुन्हा ४५! तसंच ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९. अशा संख्यांना आता कापरेकर संख्या म्हणतात. २०२५ हे साल असंच होतं. कॅलेंडरवर वर्षभर कोडं टांगलेलं होतं, पण माझं लक्षच गेलं नाही.

दुसरी गंमत. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे २८ चा जन्म २३ पासून झाला. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना अशी आईच सापडत नाही. २० घ्या. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून पाहा, २० काही येणार नाही. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. देवळात आपण स्वयंभू देव म्हणतो ना, तसं. त्यांना ते देवळाली संख्या असंही म्हणत. आपल्या गावाचं नाव त्यांनी गणितात नेऊन ठेवलं.

तिसरी गंमत. १२ च्या अंकांची बेरीज ३, आणि ३ ने १२ ला पूर्ण भाग जातो. १८ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या असं नाव दिलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी.

एकदा तर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या एका रेल्वे स्टेशनात त्यांना नवीन कल्पना सुचली. त्या स्टेशनाचं नाव त्या वेळी डेमलो होतं. मग त्या संख्यांना त्यांनी डेमलो संख्या हेच नाव देऊन टाकलं. १२१ आणि १२३२१ या त्यातल्याच. ११ चा आणि १११ चा वर्ग करून पाहा, म्हणजे त्या भेटतील.

आणि ६१७४? ते त्यांना १९४६ साली सापडलं. १९४९ साली मद्रासला गणिताची परिषद भरली होती. तिथं त्यांनी ते सर्वांना सांगितलं.

आता तुम्हांला वाटेल की लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं असेल. तसं झालं नाही. आपल्या देशातल्या गणित जाणणाऱ्या पुष्कळ लोकांना हे नुसते आकड्यांचे खेळ वाटले. शाळेतल्या वजाबाकीत कसला आलाय शोध, असं त्यांना वाटे. मोठ्या मासिकांत जागा मिळेना, म्हणून त्यांचं पुष्कळसं लिखाण लहानसहान मासिकांत आलं. काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. जवळपासच्या कॉलेजांतून बोलावणं येई, तिथं जाऊन ते आपल्या संख्यांच्या गंमती सांगत. लोक हसले म्हणून त्यांनी कोडी घालायची सोडली नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांचे दिवस ओढगस्तीचे गेले. १९६६ साली त्यांच्या पत्नी वारल्या. पेन्शन अपुरी पडे. तब्येत बरी नसतानाही त्यांना गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन राहावं लागलं. आकड्यांचा नाद मात्र सुटला नाही.

मग १९७५ साल उजाडलं. अमेरिकेत मार्टिन गार्डनर नावाचे लेखक होते. गणितातल्या कोड्यांवर त्यांचं सदर एका मोठ्या मासिकात येई. ते जगभर वाचलं जाई. त्या वर्षीच्या मार्च महिन्याच्या अंकात गार्डनर यांनी देवळालीच्या या मास्तरांविषयी लिहिलं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. मग देशोदेशीचे लोक त्यांचं कोडं सोडवू लागले. ज्यांना तो पोरखेळ वाटला होता तेही आता त्यांना मानू लागले. १९८६ साली देवळालीतच त्यांचं निधन झालं. ६१७४ या संख्येला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग शांत होता. माझं मात्र लक्ष लागेना. लोक कापरेकर मास्तरांना हसले, तसाच मी त्या मुलीला हसलो होतो, हे सारखं मनात येत होतं.

रविवारी दुपारी ओट्यावर बसून मी पुन्हा २१११ घेतले. कोडं चार अंकी संख्येचं आहे, तर उत्तरसुद्धा चार अंकीच ठेवायला हवं. म्हणजे ९९९ नव्हे, ०९९९. तिचं शून्य! मग मांडलं.

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

आलं! मग मी कापरेकर मास्तरांचं जन्मसाल १९०५ घेतलं. ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. सात वजाबाक्या झाल्या. गुरुजी सांगतात की सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. एकच अंक चारदा आलेल्या सोडल्या, तर ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या ९९९० संख्या याच एका ठिकाणी येऊन पोचतात. आणखी एक गोष्ट मला दिसली. मधे येणाऱ्या प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो. असं का, ते मी अजून शोधतोय.

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी गुरुजींना विचारून फळ्याजवळ गेलो. चूक कोड्याची नव्हती, माझी होती आणि ती हिनं शनिवारीच दाखवली होती, असं सगळ्यांसमोर सांगितलं. बोलताना माझे कान गरम झाले होते. या वेळी कुणी हसलं नाही. ती काही बोलली नाही. पण मधल्या सुट्टीत तिनं मला एक नवीन कोडं घातलं. ते मला अजून सुटलेलं नाही, आणि तीही आमच्या आजोबांसारखीच आहे, उत्तर सांगत नाही.

बालमित्रांनो, मीही आता तुम्हांला एक कोडं देतो. हेच कोडं तीन अंकी संख्येवर करून पाहा. तिन्ही अंक सारखे मात्र नकोत. उतरता क्रम, चढता क्रम, वजाबाकी, पुन्हा तेच. तिथंही एक संख्या येते आणि गाडी थांबते. ती कोणती? भित्तिपत्रकाच्या खाली दोरीला एक वही बांधली आहे. तीत तुम्ही कोणती संख्या घेतली आणि किती वजाबाक्या लागल्या तेवढं लिहा. शेवटची संख्या मात्र लिहू नका. चौथीतल्या मुलांनाही ती शोधायची आहे.

आणि हो, शून्य गाळू नका.