आकाशवाणीच्या धुनेमागचा निर्वासित

सकाळी आकाशवाणीचे प्रसारण सुरू होण्यापूर्वी वाजणारी धून मराठी घरांतील तीन-चार पिढ्यांच्या कानांत आहे. शिवरंजनी रागाशी नाते सांगणाऱ्या या धुनेचे कर्ते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते वाल्टर काउफमान हे कार्ल्सबाडचे ज्यू संगीतकार होते. जन्म १९०७ चा. प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला. पण मार्गदर्शक नाझी पक्षाचे असल्याचे कळताच पदवीवर पाणी सोडले.

१९३४ मध्ये ते मुंबईत उतरले. मेहली मेहता यांच्या सोबतीने त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली आणि १९३७ पासून रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची धुरा वाहिली. त्यांच्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची, थोरल्या बहिणीची, एली यांची मुलगी.

मार्च १९३९ मध्ये प्राग जर्मनांच्या हाती गेले. सप्टेंबरात युद्ध पेटले आणि हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना अहमदनगरच्या छावणीत डांबण्यात आले. हिटलरच्या तावडीतून निसटलेले ज्यूही त्यात होते, हा त्या काळाचा एक क्रूर विनोदच. मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनने हमी देऊन अनेकांची सुटका करवली. काउफमान चेकोस्लोव्हाकियाचे; त्यांचे रेडिओवरील काम चालू राहिले. मात्र शत्रूच्या ताब्यातील मुलखाशी नेहमीचा टपालव्यवहार तुटला. रेडक्रॉसमार्फत पंचवीस शब्दांचा निरोप, तोही महिनोन्‌महिने वाटेत अडकणारा, एवढाच धागा लोकांच्या हाती उरला.

ऑक्टोबर १९४१ मध्ये एली यांना प्रागहून पोलंडमधील लॉड्झच्या ज्यूवस्तीत धाडण्यात आले. दुसरी बहीण वाली हिचीही रवानगी तिकडेच झाली. त्यापुढे दोघींचा माग लागत नाही. १९४२ मध्ये चेल्म्नो येथे त्यांना मारले गेले असावे, असे अभ्यासक मानतात. धाकटी ओटला १९४३ च्या ऑक्टोबरात अनाथ मुलांची सोबत म्हणून निघाली आणि आउश्वित्झमध्ये संपली. युद्धानंतर अशा हजारो कुटुंबांनी शोध घेतला, तेव्हा हाती आल्या त्या गाड्यांच्या याद्या. प्रागमध्ये काफ्का यांच्या कबरीपाशी तिन्ही बहिणींच्या नावाची पाटी आहे. कबर मात्र एकीचीही नाही.

काउफमान १९४६ मध्ये मुंबई सोडून इंग्लंडला, तेथून कॅनडाला गेले. विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन केल्यावर १९५७ पासून ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. उत्तर आणि दक्षिण भारतातील रागांवरचे त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ तेथेच प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.