जॉन टिंडल : हिमनद्यांवर चालणारा शिक्षक



कवडशात धुळीचे कण उजळलेले आपण पाहिले असतील. प्रकाशाच्या अशा विखुरण्याला शालेय पुस्तकांत 'टिंडल परिणाम' म्हणतात. ज्यांचे नाव या संज्ञेत आहे, ते जॉन टिंडल शिक्षक, संशोधक आणि गिर्यारोहक होते. या तिन्ही भूमिका एकमेकींना कशा पूरक ठरल्या, याकडे त्यांचे चरित्र वाचताना लक्ष द्यावे.

टिंडल यांचा जन्म १८२० मध्ये आयर्लंडमधील कार्लो परगण्यात झाला. वडील पोलीस शिपाई होते. घरची ऐपत बेताची होती. मात्र शाळेत गणिताचा पाया पक्का झाला. १८३९ मध्ये ते सरकारी भूमापन खात्यात रुजू झाले. तेथील वेतन व वागणूक यांविरुद्ध त्यांनी आवाज उठविला, म्हणून १८४३ मध्ये त्यांना नोकरी गमवावी लागली. त्यानंतर काही काळ त्यांनी रेल्वेमार्गांच्या मोजणीचे काम केले.

१८४७ मध्ये ते हॅम्पशरमधील क्वीनवुड कॉलेजात शिक्षक झाले. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोग करू देणाऱ्या शाळा त्या काळी इंग्लंडमध्ये विरळा होत्या. क्वीनवुड त्यांपैकी एक होती. पुढील वर्षी टिंडल स्वतःच पुन्हा विद्यार्थी झाले. जर्मनीतील मारबुर्ग येथे त्यांनी १८५० मध्ये डॉक्टरेट मिळविली. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते प्राध्यापक झाले. मायकेल फॅराडे तेथे त्यांचे ज्येष्ठ सहकारी होते.

हिमनद्यांच्या अभ्यासासाठी ते १८५६ मध्ये आल्प्स पर्वतात गेले. पुढील वर्षी मेर द ग्लास या हिमनदीवर खुंट्या रोवून त्यांनी थिओडोलाइटने बर्फाची गती मोजली. नदीच्या वळणावर पाण्याचा वेग बाहेरच्या काठाकडे वाढतो. बर्फाचेही तसेच होते, हे त्यांनी दाखविले. तरुणपणी शिकलेली मोजणी येथे उपयोगी पडली. या मोजण्यांसाठी शरीरही तितकेच कणखर असावे लागे. १८५८ मध्ये त्यांनी मॉन्टे रोझा शिखर एकट्याने गाठले. १८६१ मध्ये ४,५०६ मीटर उंचीच्या वाइसहॉर्न शिखरावर दोन वाटाड्यांसह पोहोचणारे ते पहिले ठरले. त्या वाटाड्यांपैकी बेनेन पुढे १८६४ मध्ये हिमलोटात मरण पावले. या छंदाची किंमत किती मोठी असू शकते, हे त्यावरून कळावे.

याच काळात प्रयोगशाळेत त्यांनी वायूंतून उष्णता कशी जाते, हे तपासले. ऑक्सिजन व नायट्रोजन उष्णतेच्या किरणांना जवळजवळ अडवीत नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मात्र ते शोषून घेतात. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ मध्येच या दोन्हींवर सूर्याच्या उष्णतेचा परिणाम नोंदविला होता. टिंडल यांनी वायूंची शोषणशक्ती उपकरणांनी मोजली. आज हवामानबदलाच्या चर्चेत या मोजमापांना पायाभूत स्थान आहे.

टिंडल यांची व्याख्याने सर्वसामान्य श्रोत्यांसाठी, मुलांसाठीही असत. अवघड सिद्धान्त ते प्रयोगातून आणि रोजच्या भाषेतून उलगडीत. १८७२-७३ मधील अमेरिकेच्या व्याख्यानदौऱ्यातील शिल्लक रक्कम त्यांनी तेथील विज्ञानशिक्षणाला देऊन टाकली. १८९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

स्वयंअध्ययनासाठी : भूमापनाची नोकरी, अध्यापन आणि गिर्यारोहण यांतील कोणता अनुभव टिंडल यांच्या संशोधनाला अधिक उपकारक ठरला, असे आपणास वाटते? घटनांचा आधार देऊन आपले मत दहा ओळींत लिहा.