प्रोफेसर फ्रान्झ कीलहॉर्न

विद्यार्थिमित्रहो, व्याकरणाचा तास म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. एक नियम कसाबसा पाठ करावा, तो त्याचा अपवाद दत्त म्हणून पुढे उभा! परंतु नियमांची हीच गुंतागुंत उलगडण्यात ज्यांनी आपले आयुष्य आनंदाने वेचले, असे एक थोर पंडित आपल्या पुणे जिल्ह्यात पंधरा वर्षे राहून गेले. ते प्रोफेसर फ्रान्झ कीलहॉर्न होत.

त्यांचा जन्म ३१ मे १८४० रोजी जर्मन देशातील ऑस्नाब्रुक या गावी झाला. स्वदेशी संस्कृताचे अध्ययन करून ते ऑक्सफर्ड येथे गेले व तेथे मोनिअर विल्यम्स यांस संस्कृत कोशाच्या कामी साहाय्य करू लागले. पुढे १८६६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृताचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांची पंचविशी नुकतीच उलटली होती. दोनच वर्षांनी हे कॉलेज येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. ती इमारत आजही उभी आहे. मंचरहून पुण्यास जाणाऱ्या मंडळींनी ती एकवार अवश्य पाहावी.

पाणिनीच्या व्याकरणात सुमारे चार हजार सूत्रे आहेत. ती इतकी आटोपशीर आहेत की, कोणते सूत्र कोठे लावावयाचे हे गुरुमुखाने शिकल्यावाचून उमगणे कठीण. कीलहॉर्नसाहेबांनी हे ओळखले. स्वतः प्राध्यापक असूनही ते अनंतशास्त्री पेंढरकर यांच्यासारख्या पंडितांपाशी शिष्य होऊन बसले. काशीस राहिलेले महाराष्ट्रीय वैयाकरण नागेशभट्ट काळे यांनी अठराव्या शतकात रचलेला परिभाषेंदुशेखर हा अवघड ग्रंथ त्यांनी अभ्यासास घेतला. १८६८ साली त्यांनी त्याची मूळ संहिता छापली आणि १८७४ पर्यंत त्याचे इंग्रजी भाषांतर पूर्ण केले.

या ग्रंथात आहे तरी काय? परिभाषा म्हणजे येथे नियमांविषयीचा नियम. आपल्या मराठीचेच उदाहरण घेऊ. आकारान्त पुल्लिंगी नामाचे अनेकवचन एकारान्त होते: घोडा, घोडे, आंबा, आंबे. पण काका आणि मामा हे शब्द अनेकवचनीही तसेच राहतात. काका या शब्दास सामान्य नियमही लागू पडतो आणि विशेष नियमही. मग जय कोणाचा? विशेषाचा, कारण सामान्य नियमच सर्वत्र जिंकू लागला, तर विशेष नियमास उभे राहावयास जागाच उरणार नाही. दोन नियमांचा असा तंटा पडला असता न्याय कसा करावा, हे परिभाषा सांगतात. कीलहॉर्न यांच्या भाषांतरामुळे हा विचार पाश्चात्त्य विद्वानांस प्रथमच इतक्या स्पष्टपणे कळू लागला.

त्यानंतर त्यांनी पतंजलीचे महाभाष्य हाती घेतले. हा ग्रंथ आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचला आहे किंवा नाही, अशी शंका युरोपातील काही विद्वान घेत होते. आणि कात्यायन हा पाणिनीचा केवळ वैरी होता, असेही मत प्रचलित होते. कीलहॉर्न यांनी रागाने उत्तर दिले नाही. हस्तलिखिते जमवून ती ओळीओळीने ताडून पाहिली. कात्यायनाने अनेक ठिकाणी पाणिनीचे समर्थन व पूरणही केले आहे, असे त्यांनी १८७६ च्या आपल्या निबंधात दाखविले. महाभाष्याची त्यांची शुद्ध आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात तीन खंडांत मुंबईस निघाली. आजही अभ्यासक तिचा आधार घेतात.

१८८१ साली त्यांनी पुणे सोडले. त्यांच्या मागून डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या जागी आले. गॉटिंगेन येथे अध्यापन करीत असताही कीलहॉर्न हिंदुस्थानातील शिलालेख व ताम्रपट वाचण्यात गढलेले असत. १९ मार्च १९०८ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.

या परिश्रमाचा आज काय उपयोग, असे पालकांपैकी कोणी विचारतील. आज यंत्रगणकास आज्ञा देण्याकरिता माणसे नव्या भाषा रचतात. तेथेही प्रश्न तेच: वाक्याची घडण कोणती, शब्दाचा अर्थ कोणता, आणि दोन नियम एकदम लागू पडल्यास आधी कोणता? दोन अधिक तीन गुणिले चार, याचे उत्तर चौदा की वीस? आपण कंचेभागुबेव आठवून चौदा म्हणतो. यंत्रास स्वतःची समज नसते. हा क्रम भाषा रचणाऱ्यानेच आधी ठरवून द्यावा लागतो. १९५९ साली बॅकस यांनी अशा भाषेतील वाक्यांची घडण नियमांनी मांडण्याची पद्धती सुचविली व नाउर यांनी ती पुढे नेली. त्यांनी ती स्वतंत्रपणे शोधली होती. तरीही तिचे पाणिनीच्या रीतीशी असलेले साम्य पाहून, तिला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना इंगरमन यांनी १९६७ साली केली.

मुलांनो, नियम पाठ करणे ही विद्येची केवळ पहिली पायरी होय. दोन नियम समोरासमोर आले असता कोणता का मानावा, हे समजणे ही पुढची पायरी; आणि ती चढण्यास जाणत्यापाशी नम्रपणे बसावे लागते. दूरदेशीचा एक प्राध्यापक पुण्याच्या शास्त्र्यांपुढे विद्यार्थी झाला, म्हणूनच तो मोठा झाला. उद्या वर्गात अपवाद पुढे आला, तर कपाळास आठी न घालता गुरुजींस एवढेच विचारा: हा नियम येथे का जिंकला?