जेम्स फोर्सिथ

जेम्स फोर्सिथ (१८३८ – १ मे १८७१) हे ब्रिटिश भारतातील लष्करी अधिकारी, वनाधिकारी, शिकारी व लेखक होते. त्यांची सर्व महत्त्वाची कारकीर्द नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतात घडली. सातपुड्यातील अरण्ये, तेथील वन्यजीव आणि गोंड व कोरकू समाज यांचे वर्णन करणारा 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. 'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' या त्यांच्या आधीच्या ग्रंथात मोठ्या व्यासाच्या शिकारी रायफलीसाठी दारू, गोळी आणि नळीतील आटे यांची निवड कशी करावी याचे विवेचन आहे. पचमढीचे पठार ब्रिटिश प्रशासनाच्या नजरेस आणून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणावर बंदूक उडवण्याची पद्धत शोधणारे स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर जॉन फोर्सिथ (१७६८–१८४३) ही वेगळी व्यक्ती होय.

== कारकीर्द ==

फोर्सिथ बंगाल स्टाफ कोअर या लष्करी सेवेत होते व कॅप्टन या हुद्द्यापर्यंत पोहोचले. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर व नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची निर्मिती झाली. सर रिचर्ड टेंपल यांच्या प्रशासनकाळात या प्रांताची पाहणी, मोजणी व जमाबंदी वेगाने सुरू झाली. नव्या वनखात्याची सूत्रे कॅप्टन जी. एफ. पिअर्सन यांच्याकडे होती आणि फोर्सिथ त्यांच्या हाताखाली साहाय्यक वनसंरक्षक म्हणून काम करू लागले. काही काळ त्यांनी हंगामी वनसंरक्षकपदही सांभाळले.

१८६२ च्या आरंभी ते जबलपूरहून महादेव डोंगररांगांकडे निघाले. पचमढीच्या पठारावर त्यांनी मुक्काम केला आणि स्थानिक मजुरांच्या साहाय्याने एक बंगला बांधला. 'बायसन लॉज' या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू आजही पचमढीत आहे. इंग्रज शिकारी गव्याला बायसन म्हणत, त्यावरून हे नाव पडले. आसपासच्या सागवानी जंगलांची पाहणी हा या मुक्कामाचा मुख्य हेतू होता. जवळच्या बोरी जंगलाला १८६५ मध्ये राखीव वनाचा दर्जा मिळाला.

पुढे फोर्सिथ निमाड जिल्ह्याचे जमाबंदी अधिकारी व डेप्युटी कमिशनर झाले. तापी खोऱ्यातील बऱ्हाणपूर आणि अशिरगड ही मराठ्यांच्या इतिहासात वारंवार येणारी ठिकाणे या जिल्ह्यात होती. दक्षिणेस खानदेश आणि वऱ्हाडातील मेळघाटाचा डोंगराळ मुलूख लागून होता. निमाडचा जमाबंदी अहवाल फोर्सिथ यांनीच तयार केला.

== शिकारी रायफलीवरील ग्रंथ ==

'द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स' हा ग्रंथ १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सुधारित आवृत्ती १८६७ मध्ये निघाली. त्या वेळी फोर्सिथ यांचे वय तिशीच्या आत होते.

=== पार्श्वभूमी ===

त्या काळातील बहुतेक शिकारी रायफली ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून मोजलेली काळी दारू ओतायची, चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने खाली बसवायची आणि मागच्या बाजूला टोपी चढवायची, अशी भरण्याची रीत होती. याला वेळ लागत असल्यामुळे हिंस्र जनावरासमोर दुसरा बार तयार असावा म्हणून दुनळी रायफल पसंत केली जाई.

मोठ्या रायफलीचा व्यास 'बोअर' या एककात सांगितला जाई. नळीत बसणाऱ्या किती गोल गोळ्या एक पौंड शिशातून ओतता येतात, ती संख्या म्हणजे बोअर. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. १४ बोअरच्या गोळीचे वजन सुमारे ३२ ग्रॅम व व्यास १७ मिलिमीटरहून थोडा अधिक, १२ बोअरच्या गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम, तर ८ बोअरच्या गोळीचे सुमारे ५७ ग्रॅम भरते.

लष्करात त्या सुमारास लांबट, टोकदार गोळीचा प्रसार झाला होता. अशी गोळी दूरवर अचूक जाण्यासाठी तिला वेगाने फिरवणे आवश्यक असे आणि त्यासाठी नळीतील आट्यांना अधिक पीळ द्यावा लागे. बंदूक बनवणारे कारागीर शिकारी रायफलीलाही हेच आटे पाडू लागले. सिंधमधील अधिकारी जॉन जेकब यांनी आखलेली, चार आट्यांची व लांबट स्फोटक गोळ्या टाकणारी दुनळी रायफल या प्रवाहाचे ठळक उदाहरण होते.

=== मांडणी ===

फोर्सिथ यांचा आक्षेप या अनुकरणावर होता. जंगलात वाघ, अस्वल किंवा गवा बहुधा शंभर-दीडशे यार्डांच्या आतच दिसतो. तेथे हजार यार्डांच्या अचूकतेचा उपयोग नाही. जड लांबट गोळी कमी वेगाने निघते आणि तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो. त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी जनावराच्या वरून किंवा खालून जाते, किंवा त्याला केवळ जखमी करते.

गोल गोळी त्याच व्यासाच्या लांबट गोळीपेक्षा हलकी असते. दारू भरपूर घातल्यास ती मोठ्या वेगाने निघते आणि शिकारीच्या अंतरापर्यंत जवळजवळ सरळ जाते. अडचण आट्यांची होती. पीळ जास्त असेल आणि दारूही जास्त असेल, तर मऊ शिशाची गोळी आट्यांचा मार्ग सोडून नळीतून तशीच घसरत जाते व नेम बिघडतो. म्हणून अनेक शिकारी दारू कमी करत, पण मग वेगही कमी होई. फोर्सिथ यांनी पीळच कमी करण्याचा उपाय मांडला. १४ बोअरच्या नळीसाठी सुमारे साडेआठ फूट लांबीत एक फेरा इतका मंद पीळ त्यांनी सुचवला. सव्वादोन फुटांच्या आसपासच्या नळीत गोळी अशा वेळी जेमतेम पाव फेरा घेते. गोल गोळीला स्थिर ठेवण्यास तेवढे पुरते आणि दारूचे प्रमाण मात्र बरेच वाढवता येते.

व्यास मोठा ठेवण्यामागेही हिशेब होता. गोल गोळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचे वजन आठपट होते. लहान गोल गोळी हवेत लवकर मंदावते आणि अंगात फारशी खोल जात नाही. मोठी गोळी वेग अधिक टिकवते आणि रुंद जखम करते. दारू, गोळी, आटे, नळीची जाडी आणि रायफलीचे वजन या गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात आणि त्यांची निवड एकत्रच करावी लागते, हे या ग्रंथाचे सार आहे.

=== स्फोटक गोळी ===

फोर्सिथ यांचे नाव एका स्फोटक गोळीशीही जोडले गेले. शिशाच्या गोळीत पोकळी ठेवून तीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड यांचे आघाताने पेट घेणारे मिश्रण भरले जाई. वाघासारख्या मऊ कातडीच्या जनावरावर ती परिणामकारक मानली जाई. असे मिश्रण हाताळणे धोक्याचे होते आणि जाड हाडांच्या जनावरात गोळी खोल जाण्याआधीच फुटण्याची शक्यता असे. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमहून कमी वजनाच्या स्फोटक गोळ्यांचा युद्धातील वापर त्यात सामील झालेल्या राष्ट्रांनी आपसांत वर्ज्य केला. शिकारीला तो जाहीरनामा लागू नव्हता, पण पुढे पोकळ टोकाच्या गोळ्या प्रचारात आल्यावर स्फोटक गोळ्या मागे पडल्या.

== काडतुसांकडे संक्रमण ==

फोर्सिथ यांच्या हयातीतच ठासणीच्या रायफलीची जागा मागून भरण्याच्या रायफलीने घेण्यास सुरुवात केली. मध्यभागी टोपी असलेली काडतुसे १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रुळली. दारू, गोळी व टोपी एकाच पुंगळीत आल्यामुळे बार भरण्याचे काम काही क्षणांचे झाले. मात्र छावणीत प्रत्येक वेळी तयार काडतुसे मिळत नसत. त्यामुळे दारूचे माप, शिसे वितळवण्याची पळी, गोळीचा साचा, जुनी टोपी काढून नवी बसवण्याचे अवजार आणि गोळी दाबून बसवण्याचा दांडा असे साहित्य शिकारी सोबत बाळगत. पितळी पुंगळी काळ्या दारूची राख धुऊन पुन्हा वापरता येई. गव्यासारख्या जनावरासाठी शिशात कथील किंवा पारा मिसळून गोळी कठीण केली जाई, तर वाघासाठी ती मऊ ठेवली जाई.

दुनळी रायफलीत ही निवड विशेष नाजूक असते. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल वर व उजवीकडे फिरते, डावी उडाली की डावीकडे. गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच हे फिरणे सुरू होत असल्याने कारागीर दोन्ही नळ्या पुढच्या टोकाला किंचित जवळ आणून जोडतात आणि ठरावीक दारू व ठरावीक वजनाची गोळी वापरून त्यांचा नेम जुळवतात. वेग त्याहून कमी झाला, तर दोन्ही गोळ्या एकमेकींपासून लांब पडतात. वेग वाढला, तर त्या एकमेकींचा मार्ग ओलांडतात. म्हणून अशा रायफलीसाठी काडतूस घेताना किंवा घरी भरताना ती मुळात कोणत्या भरणावर जुळवली आहे, हे आधी पाहावे लागते. दारू, गोळी व नळी यांचा एकत्र विचार करण्याचा फोर्सिथ यांचा आग्रह येथे अधिकच लागू पडतो.

पुरवठ्याचे मार्गही याच दशकात बदलले. मुंबई बंदरात उतरणारा विलायती माल पूर्वी घाटांतून बैलगाड्यांनी जाई. मावळातील खंडाळा व लोणावळ्याजवळून जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटाचा १८६५ मध्ये सुरू झाला. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि १८७० मध्ये मुंबई व जबलपूर जोडले गेले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये सरकारी दारूगोळा कारखाना स्थापन झाला, मात्र त्याचे उत्पादन लष्करासाठी होते. शिकारी काडतुसांसाठी इंग्लंडवरच अवलंबून राहावे लागे.

== शिकार आणि नरभक्षक वाघ ==

१८६२ च्या उन्हाळ्यात बैतुल भागातील एका नरभक्षक वाघामुळे अनेक वाटा ओस पडल्या होत्या. त्याने शंभराहून अधिक माणसे मारली असावीत, असा अंदाज होता. फोर्सिथ यांनी हत्तीवरून अनेक दिवस माग काढून त्याला मारले. शिकारीवर जगणारे, गुरे मारणारे आणि माणसे मारणारे असे वाघांचे तीन प्रकार त्यांनी केले असून त्यांच्या सवयींचे वेगवेगळे वर्णन केले आहे.

अशा शिकारीत हाकारे व माग काढणारे गोंड आणि कोरकू पायी असत, तर साहेब हत्तीवर किंवा मचाणावर. वाघ जखमी होऊन झुडपात शिरला, तर पहिला धोका पायी चालणाऱ्यांना असे. गोळी कमी पडणे हा म्हणूनच केवळ नेमबाजीचा प्रश्न नव्हता.

== 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' ==

हा ग्रंथ लंडनच्या चॅपमन अँड हॉल या संस्थेने १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नर्मदा खोरे, महादेव डोंगर, सागवानाचा व सालवृक्षांचा प्रदेश आणि अमरकंटकपर्यंतचा मुलूख यांचे वर्णन आहे. साग व साल यांच्या सीमारेषेबरोबर प्राण्यांचा प्रसारही बदलतो, हे त्यातील निरीक्षण अभ्यासकांना उपयुक्त ठरले. पचमढीजवळ सालवनाचा एक तुटक पट्टा आहे. पूर्वेकडील सालवनांत आढळणारा बारशिंगा व तांबडा रानकोंबडा तेथेही आढळतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

गोंडांच्या लिंगो या संस्थापक पुरुषाची कथा या ग्रंथात इंग्रजी पद्यरूपात दिली आहे. तिचा आधार नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) यांनी जमवलेल्या सामग्रीत आहे. हिस्लॉप यांच्या अपघाती मृत्यूनंतर त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले होते.

== मृत्यू ==

फोर्सिथ यांचे १ मे १८७१ रोजी लंडन येथे निधन झाले. त्या वेळी ते सुमारे ३३ वर्षांचे होते. 'हायलँड्स' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर वाचकांसमोर आला.

== मूल्यमापन ==

रायफलींच्या इतिहासात फोर्सिथ यांची मांडणी लवकरच मागे पडली. लहान व्यास, हलकी लांबट गोळी आणि भरपूर दारू असलेली 'एक्स्प्रेस' रायफल १८७० नंतर लोकप्रिय झाली. साधन वेगळे असले, तरी शिकारीच्या अंतरात गोळीचा मार्ग सरळ ठेवण्याचे तिचे उद्दिष्ट तेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. काळ्या दारूसाठी बनवलेल्या जुन्या दुनळी रायफलीत तिचा पूर्ण भार धोकादायक ठरे, म्हणून अशा रायफलींसाठी कमी दाबाची स्वतंत्र काडतुसे तयार करण्यात आली. ठासणीच्या रायफलींचे आजचे हौशी नेमबाज मंद पिळाच्या आट्यांना फोर्सिथ यांचेच नाव देतात.

वनाधिकारी म्हणून त्यांची भूमिका वसाहतकालीन चौकटीतली होती. झाडे तोडून व जाळून राखेत पेरणी करण्याची गोंड-कोरकूंची दहिया शेती त्यांना जंगलाला घातक वाटे. वने राखीव झाल्यानंतर तिच्यावर आलेल्या निर्बंधांनी या समाजांच्या उपजीविकेचा आधार हिरावला. ज्यांच्या रानज्ञानावर फोर्सिथ यांच्या मोहिमा चालल्या, त्यांनाच या धोरणाची झळ सर्वाधिक बसली.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर वाघाची शिकार पूर्णपणे बंद झाली आणि शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करण्यासही परवाना लागतो. फोर्सिथ यांनी पायाखाली घातलेला बोरी व पचमढीचा परिसर आज सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.