शिंप्याच्या गाथेतले चुकलेले टाके

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला, कयाधू नदीच्या परिसरात, संत नामदेवांचे जन्मगाव दाखवतात. परंपरेने जन्मसाल 1270 धरले जाते. काही अभ्यासक मात्र कराडजवळची नरसी पुढे करतात. म्हणजे या चरित्राच्या पहिल्याच ओळीपासून दुरुस्ती सुरू होते!

वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा धंदा शिंप्याचा. नामदेवांचे मन कात्री-गजात रमले नाही, ते विठोबात रमले. राजाईने चार मुलांचा संसार कसा रेटला असेल, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. जनाबाई याच घरातली. गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. रुसलेले नामदेव मग औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. पुढे ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रा झाली आणि 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. ती सारी हकिगत नामदेवांच्या नावावरील अभंगांतच आपल्याला मिळते. नंतर ते उत्तरेत गेले. पंजाबातले घुमान आजही त्यांचे नाव सांगते.

मला खरे कुतूहल आहे ते पुढच्या कथेचे. हे अभंग गायले गेले, ऐकून बाडांत उतरले, एका बाडातून दुसऱ्यात गेले. त्यात सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. दोघांच्याही नाममुद्रेत नामा! झाले, पदे एकमेकांत मिसळली. छापखाना आला तेव्हा हा गुंता तसाच छापला गेला.

माझी आई एका मासिकातला नमुना पाहून स्वेटर विणत असे. एकदा सुलट-उलट टाक्यांचा हिशेब काही केल्या जुळेना. तिने चार ओळी उसवल्या, टाके पुन्हा मोजले आणि छापील आकडा पेन्सिलीने खोडून शेजारी बरोबर आकडा लिहिला. लोकर उसवता येते, पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेला अभंग कसा उसवायचा?

अभ्यासकांनी तेच जिकिरीचे काम केले. जुनी बाडे ताडून पाहिली. एखाद्या पदात नंतरच्या काळातली भाषा दिसते, नंतरच्या माणसांचे उल्लेख येतात. तिथे संशयाची खूण करायची. मराठीत याला मोठा आधार आहे. 1584 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही दिली. नामदेवांच्या गाथेला असा एकनाथ वेळेवर लाभला नाही. महाराष्ट्र शासनाने सप्तशताब्दीच्या निमित्ताने 1970 मध्ये गाथा काढली, तरी कोणते पद कोणत्या नाम्याचे हा वाद मिटला नाही. आणि वगळण्यातही धोका असतोच, कारण खरा अभंगही संशयापोटी बाहेर पडू शकतो.

पंजाबात मात्र वेगळे घडले. गुरू अर्जनदेवांच्या देखरेखीखाली 1604 मध्ये आदिग्रंथ सिद्ध झाला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि तिथे एक अक्षर बदलण्याची कोणाची हिंमत नाही. नामदेवांचे देहावसान 1350 मध्ये झाले असे मानतात. पंढरपूरच्या महाद्वारातली त्यांची पायरी वारकरी कपाळ टेकवूनच ओलांडतात. आत भजनात जो अभंग चालू असतो, तो कोणत्या नाम्याचा, हे मात्र तिथे कोणी विचारीत नाही.